बारावीचा हिशेब कापूस विकतानाच करा



बारावीचा निकाल २०२४ साली २१ मे रोजी लागला, २०२५ साली ५ मे रोजी. तारीख थोडी मागेपुढे होते; पण पोराच्या हातात गुणपत्रिका पडते तेव्हा बापाचे डोळे आभाळाकडे आणि हात रिकाम्या खिशात असतात, यात काही फरक पडत नाही. कृषी, इंजिनिअरिंग, फार्मसी यांच्या प्रवेशफेऱ्या त्यानंतर सुरू होतात आणि पावसाळाभर चालतात. बियाणे, खत, डवरणी, निंदण, फवारणी यांच्या रांगेत फी, खोलीभाडे आणि खानावळ येऊन उभी राहतात. कापसाची पहिली वेचणी घरात येते दसऱ्या-दिवाळीच्या सुमाराला. हातात जो काय पैसा दिसतो तो संक्रांतीच्या आगेमागे. म्हणजे ज्या चार महिन्यांत कोरडवाहू कास्तकाराच्या घरातून पैसा फक्त बाहेर जातो, नेमके तेच चार महिने कॉलेजने फी मागण्यासाठी निवडले आहेत.

हे कुणी मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. ज्याने हे वेळापत्रक आखले त्याला दर महिन्याला पगार मिळतो. त्याला जुलै काय आणि जानेवारी काय, सारखेच. आपल्याला सारखे नाहीत, एवढेच त्याच्या ध्यानात आले नाही. आणि आपणही ते कधी ठासून सांगितले नाही.

मग जुलै महिन्यात आपल्या घरात काय होते? तीन वाटा दिसतात. पहिली, पीककर्जातून फी भरायची. फी भरली की युरियाला पैसे उरत नाहीत, पीक हलके पडते, कर्ज थकते. मुदतीत फेडले तर ज्या पीककर्जाला तीन लाखांपर्यंत व्याजाची सवलत मिळते, ते थकले की सवलत गेली आणि पुढच्या हंगामात बँकेचे दारही बंद. दुसरी वाट सावकाराची किंवा कृषी केंद्रावरच्या उधारीची. तिचे वर्णन तुमच्यापुढे करण्याची गरज नाही. तिसरी वाट म्हणजे पोराला सांगायचे, "यंदा थांब, पुढच्या वर्षी पाहू." तो वर्षभर वखर धरतो, पुढच्या वर्षी पुन्हा तोच जुलै येतो. पोरगी असेल तर पुढच्या वर्षाचीही गरज लागत नाही. निकाल लागला की पाहुणे यायला लागतात.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. कॉलेजचा निर्णय निकालानंतर घेऊ नका. पोर बारावीत असेल त्या हंगामाचा कापूस विकायला काढाल, त्याच आठवड्यात घरातल्या सगळ्यांनी बसून कॉलेजचा हिशेब करा. बियाण्याचा पैसा जसा आपण खाऊन टाकत नाही, तसा पहिल्या वर्षाचा पैसा त्याच दिवशी बाजूला पडला पाहिजे. पोराला किती टक्के पडतील हे जानेवारीत ठाऊक नसते, हे खरे. पण पाऊस किती पडेल हेही मे महिन्यात ठाऊक नसते. म्हणून आपण मशागत करायची थांबतो का?

आता हिशेब मांडू. आकडे मी नमुन्यादाखल धरतो; तुम्ही तुमचे टाका.

जिल्ह्याच्या ठिकाणी दोघा-तिघांत मिळून खोली, माणशी दीड हजार. खानावळ तीन हजार. वह्या, पुस्तके, झेरॉक्स, एसटी, मोबाईल यांचे हजार. महिन्याचे साडेपाच हजार, दहा महिन्यांचे पंचावन्न हजार. यात फीचा एक रुपयाही धरलेला नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झाला. तो तुमच्या हातात पडला असे धरू, पडतोच असे नाही. तर पंचावन्न हजार म्हणजे पावणेसात क्विंटल कापूस. कोरडवाहू एकराला चार क्विंटल धरले तर एकराचे ३२,४४० रुपये येतात. बियाणे, खत, औषध, निंदण, वेचणी यांचे वीस हजार वजा केले तर उरतात १२,४४०. पंचावन्न हजारांना साडेचार एकर लागले. पाच एकरांच्या आतल्या कास्तकाराचे हे जवळजवळ सगळे वावर झाले. एका पोराच्या खोली-खानावळीला.

हा आकडा पाहून घाबरू नका. उलट त्यातून एक गोष्ट शिका. आपल्याकडे जो तो विचारतो, "फी किती?" फी हा प्रश्न आहेच, पण खेड्यातल्या पोराला कॉलेजपासून तोडते ती बहुतेक वेळा फी नव्हे, शहरातले छप्पर आणि शहरातली भाकर.

ज्यांनी शेतकऱ्यांची पोरे खरोखर शिकवली त्यांना हे पक्के ठाऊक होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले आणि पुढे जातीजातींची वसतिगृहे उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींची पोरे एका छपराखाली आणली. त्या पोरांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे सोने गेले. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय १९२० च्या दशकातच चालू केले. त्यांची शिवाजी शिक्षण संस्था त्यानंतरची. वसतिगृहावर या मंडळींनी एवढा जीव का लावला? मास्तर कुठेही मिळतो. पोराच्या पोटाची सोय झाली नाही तर मास्तरापुढे बसायला पोर उरत नाही.

आपणही तेच का करू नये? मी १९९८ साली बारावी झालो आणि कृषी महाविद्यालयात गेलो, तेव्हा खोलीवर ज्वारीचे पोते आणि तुरीची डाळ घरून यायची. शेजारच्या खोलीतल्या पोराचा डबा रोज सकाळच्या एसटीने यायचा. तो आणायला आम्ही पाळीपाळीने स्टँडवर जायचो. त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. आज पोराला खानावळीत पैसे भरून गव्हाची पोळी खायला घालतो आणि घरची ज्वारी पडेल त्या भावाने व्यापाऱ्याला देतो.

हिशेब पुन्हा पाहा. एका पोराला दिवसाला तीनशे ग्रॅम ज्वारी धरली तर तीनशे दिवसांची ९० किलो. एक क्विंटलसुद्धा नाही. २०२५-२६ च्या संकरित ज्वारीच्या ३,६९९ रुपये हमीभावाने तिची किंमत सव्वातीन हजारांच्या थोडी वर. एका तालुक्यातल्या दहा पोरांनी मिळून एक घर भाड्याने घेतले, प्रत्येकाने क्विंटलभर ज्वारी आणि गरजेपुरती डाळ आणली, स्वयंपाकाला एक बाई लावली, तर रोख खर्च उरतो तिचा पगार, गॅस, तेल, भाजी. माणशी दीड हजारात तो बसू शकतो. खानावळीच्या तीन हजारांतले निम्मे वाचले. दहा महिन्यांत पंधरा हजार. मघाच्या हिशेबाने एकराहून जास्त कापसाची ही निव्वळ कमाई. फीला कापूस, भाकरीला ज्वारी, अशी वाटणी झाली की साडेचार एकरांचे ओझे सव्वातीन एकरांवर येते.

आता कागदांचे. कागद हे कॉलेजचे बियाणे आहे. पेरणीच्या दिवशी शोधायला गेलात तर मिळत नाही. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉनक्रिमीलेयर आणि राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचे असेल तर जात पडताळणीचे वैधता प्रमाणपत्र. पडताळणीला सगळ्यात वेळ लागतो, कारण तिथे पुरावा जुना लागतो: अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. म्हणजे आजोबांचा शाळेचा दाखला नाहीतर कोतवाल बुकातली नोंद. आजोबांचे नाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरे असले की फेऱ्या सुरू. हे काम पोर अकरावीत असताना, दिवाळीनंतर हाती घ्या. जूनमध्ये सेतू केंद्रापुढे सगळा तालुका उभा असतो आणि तुमचे वावर पेरणीसाठी थांबलेले असते.

हे कागद कशासाठी? कारण त्यांच्यावर पैसा अवलंबून आहे. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या, खुल्या वर्गातल्या मुलांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाची निम्मी फी मिळते. अल्पभूधारकांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी अनुसूचित जातीला स्वाधार, आदिवासींना स्वयंम, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांना आधार योजना आहे. अर्ज ऑनलाईन भरायचे असतात आणि त्यांना मुदत असते. अनेक घरांत हा पैसा पात्रता असून बुडतो, केवळ आधारला बँक खाते जोडलेले नाही म्हणून.

एवढे करूनही कमी पडले तर शैक्षणिक कर्ज मागा, पीककर्जाला हात लावू नका. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला जमीन तारण द्यावी लागत नाही, हा बँकांचा नियम आहे. बँकेतला साहेब सातबारा मागू लागला तर "लेखी द्या" म्हणा. वावर विकून शिकवू नका आणि गहाण टाकूनही शिकवू नका. ज्या कॉलेजसाठी वावर विकावे लागते त्या कॉलेजची पदवी ते वावर परत घेऊन देईल, याची हमी कोण देतो?

आता मुलींविषयी. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने निर्णय केला: आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, मराठा आरक्षणातल्या आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. प्रवेश सरकारी प्रवेशफेरीतून झालेला हवा. संस्थेच्या कोट्यातून किंवा अभिमत विद्यापीठात घेतलेल्या प्रवेशाला ही माफी नाही. म्हणजे "पोरीच्या फीला पैसे कुठून आणू?" हा आपला जुना सवाल निकालात निघाला. आज त्याच कॉलेजात भावापेक्षा बहीण शिकवणे स्वस्त आहे. तरीही ती घरी बसत असेल तर कारण पैसा नाही, हे आपण आपल्याशी तरी कबूल केले पाहिजे.

पण सरकारनेही अर्धेच काम केले आहे. मुलीला बारावीपर्यंत एसटीचा प्रवास अहिल्याबाई होळकर योजनेत फुकट. बारावी झाली की तो पास संपतो. पुढे विद्यार्थी सवलतीचा, एक तृतीयांश भाड्याचा पास काढावा लागतो. फी माफ केली आणि कॉलेजपर्यंत जायची सोय काढून घेतली, असा हा कारभार. आणि मुलीची सगळ्यात मोठी अडचण पासाचीही नाही, राहण्याची आहे. अनोळखी घरात पोरगी कशी ठेवायची, ही आईची काळजी खोटी नाही. म्हणून मी म्हणतो ते तालुक्याचे घर आधी मुलींसाठी निघाले पाहिजे. आपल्याच गावच्या दहा लेकी एकत्र, आपल्याच ओळखीची बाई स्वयंपाकाला आणि देखरेखीला, म्हणजे आईला रात्री झोप लागेल.

हिशेबाला पोरगा-पोरगी दोघांनाही बसवा. बाप कर्ज काढतो आणि सांगत नाही. पोराला वाटते घरी सगळे ठीक आहे. दुसऱ्या बाजूला पोराचे दोन विषय राहतात, एटीकेटी लागते आणि तो घरी सांगत नाही. दोघेही एकमेकांना जपतात आणि दोघेही बुडतात. या दोन गप्प राहण्यांतून आपल्या भागात काय काय घडले आहे, ते तुम्ही पाहिले आहे. साडेचार एकरांचा हिशेब पोराला तोंडपाठ असू द्या. पण तो ओझे म्हणून त्याच्या डोक्यावर ठेवू नका. नापास झालास तरी घर आहे, हे त्याच दिवशी, त्याच बैठकीत सांगा.

आणि एक वाक्य घरातून हद्दपार करा: "शिकला नाहीस तर मातीतच मरशील." या वाक्याने पोर शिकत नाही, त्याला मातीची आणि माती कसणाऱ्या बापाची लाज वाटायला लागते. मग शहरात गेल्यावर तो गावचे नाव सांगत नाही, बोली लपवतो, वर्गात प्रश्न विचारत नाही. पहिल्या सहा महिन्यांत पुस्तके इंग्रजी, मास्तरांचा वेग जास्त, आजूबाजूची पोरे टापटीप. सगळ्यांनाच जड जाते. ज्या तणांची नावे मी लहानपणापासून निंदताना ऐकली होती, त्यांचीच लॅटिन नावे पाठ करताना माझीही भंबेरी उडायची. पण तण ओळखायला मला पुस्तक लागत नव्हते, शहरातल्या पोरांना लागायचे. आपल्या पोराजवळ काय आहे ते त्याला ठाऊक असले तर जे नाही ते शिकायला त्याला लाज वाटत नाही.

काय शिकायचे, हे पोराने ठरवावे. पण तीन गोष्टी विचारून घ्या. कॉलेजला मान्यता आहे का आणि तिथे खरोखर तास होतात का? शिकून झाल्यावर तालुक्या-जिल्ह्यात त्या कामाला कोण विचारतो? आणि किती वर्षे? स्पर्धा परीक्षेच्या नादात पाच-सात वर्षे शहरात खोली करून राहिलेली पोरे प्रत्येक गावात आहेत. प्रयत्न जरूर करावा. पण किती वेळा, हे जाण्याआधी ठरलेले असावे. घरची अडचण फारच असेल तर १९८९ साली नाशिकला निघालेले यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. काम करता करता पदवी घेता येते. आणि नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीची घडण आता अशी झाली आहे की ठरलेला अभ्यास पुरा केला असेल तर एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन थांबता येते आणि पुढे पुन्हा सुरू करता येते. दुष्काळाच्या वर्षी पोराला परत बोलवावेच लागले तर झालेले शिक्षण वाया गेले असे समजू नका. कॉलेज सोडताना हे कागद मागून घ्या.

शेवटी, जिल्हा बैठकीपुढे मी चार मागण्या ठेवतो. पहिली: शेतकऱ्यांच्या मुलांची फी दोन हप्त्यांत घ्यावी आणि मोठा हप्ता कापसाच्या हंगामानंतर, जानेवारीत असावा. दुसरी: शिष्यवृत्ती आणि निर्वाह भत्ता दिवाळीच्या आत खात्यात पडावा, खानावळवाला दुसऱ्या वर्षापर्यंत थांबत नाही. तिसरी: मुलींचा एसटी पास पदवीपर्यंत फुकट व्हावा. या तीन सरकारकडे. चौथी मागणी आपल्याकडेच आहे: येत्या जूनच्या आत प्रत्येक तालुक्याने जिल्ह्याच्या ठिकाणी एक घर भाड्याने घ्यावे, पहिले मुलींसाठी.

बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद लिहून आणावा. गावात अकरावी-बारावीला किती मुले आणि किती मुली आहेत, त्यांतल्या किती जणांचे जात पडताळणीचे काम बाकी आहे आणि त्या घरासाठी कोण किती पायली ज्वारी देणार.